ग्रहणाला पुरेल एवढी वीज

३ फेब्रुवारी

प्रिय गट्टू,

पाकीट बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर हल्ली आपलं धड बोलणं होत नाही. तू लिफ्टच्या खोलीतून बोलतोस, तिथे घरघर, आणि माझा फोन म्हातारा झालाय. म्हटलं, निवांत लिहावं.

तुझे दाजी आणि मी तंबू ठोकून राहायला जाणार आहोत. हसून झालं? मग पुढे वाच. नऊ एप्रिलला दुपारी खग्रास सूर्यग्रहण आहे. त्याची सावली आमच्याकडून गाडीने दिवसभराच्या अंतरावर असलेल्या एका पठारावरून जाणार आहे. तिथे हॉटेल नाही, विजेचा खांब नाही, नुसतं गवत. आदल्या दिवशी पोचायचं, रात्र तंबूत काढायची, ग्रहण बघायचं आणि परत. शाळेत उभा जन्म मी एक दिवा, एक चेंडू आणि एक लिंबू घेऊन पोरांना ग्रहण शिकवलं. लिंबू म्हणजे चंद्र. सुट्टीत ते पिळून सरबत. पण खरं खग्रास मी एकदाही पाहिलेलं नाही. आता निवृत्त झाले, आता नाही तर कधी?

तर काम असं. बाजारात ती उचलून न्यायची बॅटरी मिळते ना, पॉवर स्टेशन म्हणतात ती, तिच्यातली कोणती घ्यावी? दुकानात तीन मापांच्या होत्या. एक डब्याएवढी, एक मधली, आणि एक चाकं लावलेली, बॅगेसारखी. दुकानदाराने विचारलं, काय काय चालवायचंय? मी म्हटलं, दिवा, फोन आणि चहाची किटली. मला मधली बरी वाटते. तू लिफ्टवाला, वीज म्हणजे तुझ्या डाव्या हातचा मळ. सांग.

तुझी,
ताई


९ फेब्रुवारी

ताई,

आधी एक विनंती. पाकिटावर ‘गट्टू’ लिहू नकोस. ते ऑफिसात आलं आणि आता माझ्या हाताखालची माणसं मला ‘गट्टूसाहेब’ म्हणतात. पन्नाशी उलटली गं माझी.

आता तुझी बॅटरी. दोन आकडे समजून घे म्हणजे दुकानदार तुला गुंडाळणार नाही. वॅट म्हणजे नळाची तोटी, एका वेळी किती धार येऊ शकते ते. वॅट-अवर म्हणजे टाकी, एकूण पाणी किती ते. दुकानात तोटीचा आकडा मोठ्या अक्षरात लिहितात आणि टाकीचा बारीक. तू टाकी बघ. आणि लिहिलेलं सगळं पाणी आपल्याला मिळत नाही, वाटेत थोडं गळतंच.

पण तुला मधली कशाला? किटली सोड. ती वाघासारखी खाते, तिच्यासाठी गॅसची शेगडी ने. उरले दिवा आणि फोन. त्यांना डब्याएवढीसुद्धा जास्त. मधली म्हणजे मुंगीला हत्तीचा खुराक. तरी हौसच असेल तर निदान लिथियम फॉस्फेटवाली घे. जरा जड असते, पण तापत नाही आणि दहा वर्षं आरामात टिकते.

दाजींना म्हणावं, तंबू ठोकताना कंबर सांभाळा.

तुझा,
(सही करणार नाही, तुला नाव माहीत आहे)


१५ फेब्रुवारी

प्रिय गट्टूसाहेब,

किटली सोडली. पण घेणार मधलीच. तीन प्रश्न आहेत, थट्टा न करता उत्तर दे.

एक, एखादी वस्तू रात्रभर सतत, हळूहळू वीज घेत राहिली तर मधली सकाळपर्यंत पुरेल का? शंभरेक वॅट धर. दोन, ऐकलंय की या पेट्या वापर कमी आहे असं समजून आपोआप झोपी जातात. तसं होऊ नये म्हणून काय करायचं? तीन, ती बंद पडायच्या आधी ओरडते का?

दाजींच्या औषधाला गार ठेवायचा छोटा फ्रीज न्यायचाय, म्हणून विचारतेय.

आणि दहा वर्षं टिकणारी कशाला रे? या वर्षाला पुरली की झालं.

ताई


२० फेब्रुवारी

ताई,

तू चिक्कूच राहिलीस. म्हणे या वर्षाला पुरली की झालं!

पण तुझं पत्र मी डब्याच्या सुट्टीत दुसऱ्यांदा वाचलं आणि घास हातातच राहिला. अगं, फ्रीज सतत चालत नाही. तो गार झाला की थांबतो, पुन्हा सुरू होतो. आणि फ्रीज तासभर बंद राहिला म्हणून औषध बिघडत नाही, त्यासाठी पेटीने ओरडायची गरज नसते. मी इस्पितळाच्या लिफ्ट बघतो, तिथे ओरडणारी यंत्रं कोणती असतात ते मला ठाऊक आहे.

तुला काय चालवायचंय?

उत्तर लगेच दे.


२६ फेब्रुवारी

चि. गट्टू यास,

पत्र मी, तुझे दाजी, लिहीत आहे. तुझी ताई स्वयंपाकघरात आहे. तिने तुझ्या पत्राचं उत्तर लिहिलं, मग फाडलं. म्हणून मी लिहितो. माझा हात लिहिता नाही, समजून घे.

तिला फुफ्फुसांचा आजार निघाला आहे. फुफ्फुसं पार निकामी झालेली नाहीत, पण आतून कडक होत चालली आहेत. सुकलेल्या स्पंजासारखी, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. झोपताना आणि चालताना ऑक्सिजनचं यंत्र लागतं. बोललं की धाप लागते. फोन ठणठणीत आहे. धाप तुला ऐकू येऊ नये म्हणून ती पत्र लिहिते. पत्रात धाप दिसत नाही.

मी सांगितलं हे तिला कळू दे. मला चालेल.

मला स्वतःला हे जाणं पटलेलं नाही. दुपारी जरा वेळ अंधार होणार, त्यासाठी एवढा खटाटोप. पण ती ग्रहणाचं बोलायला लागली की धाप विसरते. म्हणून मी नाही म्हणत नाही.

तुझे दाजी


१ मार्च

ताई,

जाऊ नकोस.

तू ‘या वर्षाला पुरली की झालं’ लिहिलंस आणि मी तुला चिक्कू म्हणालो. ते वाक्य मी तेव्हापासून पुन्हा पुन्हा वाचतोय. मला का नाही सांगितलंस? लहानपणी मी पाण्याच्या हौदात पडलो तेव्हा केस धरून ओढून काढणारी तू, आणि तुझा श्वास अपुरा पडतोय हे मला एका फ्रीजवरून कळावं?

तिथे दवाखाना नाही, वीज नाही. यंत्र बंद पडलं तर काय करशील? मी मोठा पडदा आणून तुझ्या खोलीत लावतो. सगळी ग्रहणं घरात बसून बघ. ढगसुद्धा मध्ये येणार नाहीत.

माझं एवढं ऐक.


७ मार्च

गट्टू,

दाजी फितूर निघाले. दोन दिवस मी त्यांच्याशी अबोला धरला, पण अबोल्यात त्यांचं काही अडत नाही असं दिसल्यावर सोडला.

तुला सांगितलं नाही कारण तू हेच पत्र लिहिणार हे मला माहीत होतं. जरा थांब, माझं ऐक.

डॉक्टरीणबाईंना विचारलंय. पठार फार उंच नाही. त्या म्हणाल्या, जा, पण यंत्र थांबता कामा नये आणि चढावर पायी जायचं नाही. तेव्हा परवानगी आहे, प्रश्न फक्त विजेचा आहे.

आता तू म्हणतोस तो पडदा. ऐक, सूर्य चंद्रापेक्षा चारशे पट मोठा आहे. आणि चारशे पट लांबही आहे. म्हणून आपल्या आकाशात दोघं एकाच मापाचे दिसतात, एकावर एक अगदी चपखल बसतात. हे असं असायलाच हवं असा काही नियम नाही रे. चंद्र जरा लहान असता तर सूर्य पुरता झाकला नसता, जरा मोठा असता तर भोवतीचं तेजही झाकून टाकलं असतं. मी हे वाक्य दरवर्षी फळ्यावर लिहिलं, पोरांनी वहीत उतरवलं, मी डस्टरने पुसलं आणि पुढचा धडा घेतला. दरवेळी पुसताना वाटायचं, आपण हे इतक्या सहज कसं पुसतो? मला ते झाकण बसताना बघायचंय. आकाशाखाली उभं राहून.

घरात सांभाळून ठेवलेल्या श्वासांचं मी काय करू, सांग.

विजेचं तुला जमत नसेल तर तसं कळव. मी दुकानदाराला विचारीन.

ताई


२ एप्रिल

ताई,

महिनाभर लिहिलं नाही म्हणून रागावली असशील. या पत्राबरोबर खोकं पोचलं असेल, ते उभंच ठेवा, आडवं नको.

मधलीच घेतली. चाकंवाली मोठी आधी बघून आलो. ती दोन माणसांनी उचलायची आहे, आणि गवतावर चाकं काय कामाची? दाजींची कंबर आणि तुझा श्वास धरला तर मधलीच उचलता येईल. एका हाताची मूठ आहे, दाजी सहज नेतील. टाकी हजार वॅट-अवरची आहे. लिहिल्यावर विश्वास ठेवायचा नाही म्हणून आमच्या लिफ्टच्या कारखान्यात तुझ्या यंत्राएवढं खाणारे दिवे लावून ती पार रिकामी होईपर्यंत जाळली. पहिल्यांदा तीन पिनांच्या सॉकेटवर लावली तर लवकर बसली. मग बाजूचं गोल सॉकेट आहे ना, गाडीत असतं तसं, त्यावर लावली. तासभर जास्त चालली, कारण घरच्यासारखी वीज बनवण्यात पेटी स्वतःच काही खाते. यंत्राबरोबर गाडीची वायर आलेली असेल, तीच वापर. आपोआप झोपायची सोय मी बंद करून टाकली आहे. आणि हो, ती ओरडते. ऐकून माझी माणसं धावत आली.

रात्रभर पुरेल, पण जेमतेम. सकाळी सोबतच्या सौर पॅनेलवर लगेच लावा. पॅनेल सूर्याकडे तोंड करून, त्यावर तंबूच्या दोरीचीसुद्धा सावली नको. पेटी थंड जमिनीवर ठेवू नका, खाली घोंगडी घाला, पण वर झाकू नका, तिलाही श्वास लागतो. छोटा ऑक्सिजन सिलिंडर भरून पाठवलाय. तो हट्टाने घरी ठेवलास तर आपलं नातं तुटलं.

मला यायचं होतं. नऊ तारखेला इस्पितळाच्या लिफ्टची तपासणी आहे, ती चुकवली तर लिफ्ट बंद ठेवतात आणि वरच्या मजल्यावर रुग्ण आहेत. इथे ग्रहण अर्धवटच दिसेल.

बघून ये. झाकण बसताना बघून ये.

गट्टू


१० एप्रिल

ताई,

काल संध्याकाळी दाजींचा फोन आला. “खाली पोचलो. सुखरूप. ती लिहील,” एवढं बोलून ठेवून दिला. माणूस की तारघर? यंत्र चाललं का, ढग होते का, काही नाही. आता तुझं पत्र येईपर्यंत मी काय करू? माझंच सांगतो.

दुपारी मी इस्पितळाच्या गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत होतो. तिथे पत्र्याचं दार आहे, त्याला जुन्या खिळ्यांची भोकं आहेत. रोज त्यातून जमिनीवर उन्हाचे गोल ठिपके पडतात, मी कधी लक्ष दिलं नाही. काल वाकून नट आवळत होतो, तर जमिनीवर ठिपके नव्हते, चंद्रकोरी होत्या. पंधरा-वीस कोरी, सगळ्या एकाच बाजूला वळलेल्या, कुणीतरी नखं कापून टाकावीत तशा. मला आधी वाटलं, डोळ्यांना काहीतरी झालं. हात पुढे केला तर तळव्यावर एक कोर आली.

मी आयुष्यभर समजत होतो की भोकातून उजेड येतो. भोकातून सूर्य येतो, ताई. प्रत्येक भोकातून एक अख्खा सूर्य, रोज येतो, आणि तो गोल असतो म्हणून आपल्याला कळत नाही. मी पाना खाली ठेवला आणि तपासणी करणारे साहेब वर आले तरी तसाच हात पसरून उभा. ते ओरडणार तेवढ्यात त्यांनी खाली बघितलं. मग त्यांनीही हात पुढे केला. दोघं मोठे बाप्ये, तळहातावर सूर्य घेऊन उभे. 

लवकर लिही. यंत्र चाललं ना?

गट्टू


१५ एप्रिल

प्रिय गट्टू,

चाललं. आता श्वास घे.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं, मध्ये मध्ये थांबत, आणि दाजींनीही ऐकलं. भोकातून सूर्य येतो हे मी शिकवायचे. पण तू लिहिलंस तसं मला कधी सांगता आलं नाही.

आता आमचं. पठारावर तंबूंची जत्राच होती. आमच्या आजूबाजूला कुठलीकुठली माणसं, दुर्बिणी, तिकाटणी. मी नाकाला नळी लावून खुर्चीवर बसले आणि दाजी तंबूशी कुस्ती खेळले. संध्याकाळपासूनच असा गारठा पडला की विचारू नकोस. तू थंडीचं बजावलं होतंस, घोंगडी घातली होती, तरी पेटीतला आकडा आम्ही धरलेल्यापेक्षा भराभर उतरला. उजाडलं तेव्हा ती ओरडत होती. आणि बाहेर दाट धुकं. पॅनेल लावलं तर पेटीच्या पडद्यावर आत येणारे वॅट पाच, सहा, पुन्हा पाच.

दाजी म्हणाले, “चल, गाडीचं इंजिन चालू ठेवायला पेट्रोल नाही, परतीपुरतंच आहे. आवरूया.”

मी म्हटलं, “सिलिंडर आहे ना? तेवढा वेळ द्या मला.”

“आणि धुकं हटलं नाही तर?”

“तर ग्रहणही दिसणार नाही. मग आपण होऊन निघू.”

त्यांनी यंत्राची नळी काढून सिलिंडरची लावली. गट्टू, तुझ्या त्या सिलिंडरला मी नावं ठेवली होती, ती सगळी परत घेते. तो संपत आला होता, दाजी गाडीच्या किल्ल्या हातात घेऊन उभे होते, आणि धुकं कुणीतरी पांघरूण ओढावं तसं एका बाजूने निघून गेलं. पॅनेलचा आकडा पाचवरून चाळीस, नव्वद, दीडशेच्या घरात. दाजींनी नळी पुन्हा यंत्राला लावली. मी सूर्याकडे बघायचं सोडून पडद्याकडेच बघत बसले. आजवर ऊन म्हणजे वाळवण, ऊन म्हणजे डोकं दुखणं. इतक्या लांबून निघालेला उजेड या काळ्या पाटावर उतरतो, वायरीतून पेटीत जातो, पेटीतून यंत्रात आणि यंत्रातून माझ्या नाकात. मी सूर्यावर श्वास घेत होते रे. आपण सगळेच घेतो, पण मला तो आकड्यात दिसत होता.

आणि पेटी थोडीफार भरते न भरते तोच चंद्राने पहिला घास घेतला.

बराच वेळ काही जाणवत नाही. फक्त पडद्यावर आकडा उतरत होता, शंभर, सत्तर, पन्नास. मग उजेड बदलला. संध्याकाळचा उजेड पिवळा असतो, हा तसा नव्हता, जस्ताच्या पत्र्यासारखा होता. सावल्यांच्या कडा इतक्या धारदार झाल्या की मला माझ्या हाताच्या सावलीतले केस दिसत होते. गारवा आला. शेजारच्या तंबूतलं कुत्रं गाडीखाली जाऊन बसलं. माणसं बोलत होती ती हळू बोलायला लागली, मग थांबली. आणि पठाराच्या टोकाकडून सावली आली. वाऱ्यासारखी येते असं पुस्तकात असतं. तशी नाही येत. वारा लागतो तरी, ही आवाज न करता डोंगरच्या डोंगर विझवत आली आणि आमच्या अंगावरून गेली.

मी ग्रहणाचा काळा चष्मा काढला.

गट्टू, मला लिहिता येणार नाही, तरी लिहिते. सूर्याच्या जागी एक काळं भोक होतं, आणि त्याच्याभोवती पांढरे रेशमी केस, चारी बाजूंना पसरलेले, स्तब्ध. कडेला एक गुलाबी ठिणगी. बाजूला भर दुपारी शुक्र. आणि क्षितिजावर सगळीकडून एकदमच सूर्यास्त, आपण एखाद्या वाडग्याच्या तळाशी उभे आहोत आणि त्याच्या काठाला आग लागली आहे असा. चारशे आणि चारशे. बरोब्बर बसलं होतं. मी ते किती वेळा पुसलं होतं फळ्यावरून, आणि ते तिथे वर खरं होतं.

एवढी माणसं, पण कुणी चकार शब्द बोलत नव्हतं. त्या शांततेत एकच आवाज होता, माझ्या यंत्राचा. फुस्, फुस्. सगळ्या पठाराला ऐकू जात असेल. एरवी मी लाजून मेले असते.

मी दाजींकडे वळले, दाखवायला. ते खाली बघत होते.

पेटीसमोर उकिडवे बसले होते, पडद्याच्या निळ्या उजेडात चेहरा, नजर आकड्यावर. तुला माहीत आहे, त्यांचा जन्म कारखान्याच्या बॉयलरवर गेला. काट्यावरून डोळा हलवायचा नाही, ही सवय. आत येणारे वॅट शून्य होते आणि ते त्या शून्याला राखण बसले होते.

मी म्हटलं, “अहो, वर बघा!”

“तू बघ. मी आहे इथे. शून्य आलंय.”

“ते येणारच. वर बघा.”

“पेटीतलं उतरतंय ते. तू बघ ना.”

मी उठले. चालायचं नव्हतं, पण नळी तिथवर पुरली. दोन्ही हातांनी त्यांची हनुवटी धरली आणि लहान मुलाची धरतात तशी वर केली. पहिल्यांदा त्यांची मान ताठ होती. मग सैल झाली. तोंड उघडं राहिलं. एवढ्या संसारात मी त्यांचा चेहरा असा पाहिला नव्हता, आणि खरं सांगू, शेवटचे काही क्षण मी आकाशाकडे न बघता त्या चेहऱ्याकडेच बघत होते. त्यांच्या डोळ्यांत वरचं ते पांढरं तेज दिसतंय असं मला वाटलं. मग एका काठावर हिरा पेटावा तसा सूर्याचा थेंब चमकला, सगळं पठार एकदम ओरडलं, कुणी रडत होतं, आणि मी घाईने त्यांचे डोळे माझ्या तळहाताने झाकले.

पडद्यावर एक आला. मग तीन. मग अकरा.

त्यांनी आवरायला सुरुवात केली. घड्या नीट, दोऱ्या गुंडाळून, पेटी मांडीवर घ्यावी तशी मागच्या सीटवर ठेवून तिला पट्टा लावला. उतारावर गाड्यांची रांग होती. मी मागून दोनदा विचारलं, बरं नाही का? मान हलवली फक्त. सपाटीला लागल्यावर गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टीअरिंगवर, नजर समोर रस्त्यावर.

“मला वाटलं होतं,” ते म्हणाले, “अंधार होतो. एवढंच.”

आणि मग बराच वेळ त्यांना गाडी सुरू करता आली नाही.

तुझी,
ताई